पार्ट आहे, पण तुम्हाला नाही

13 जुलै 2012 पासून निकॉनच्या अमेरिकेतल्या कंपनीने अधिकृत यादीत नाव नसलेल्या दुरुस्तीच्या दुकानांना सुटे भाग विकणं बंद केलं. कॅमेरे आता फार गुंतागुंतीचे झाले आहेत, खास हत्यारांशिवाय आणि तपासणीच्या यंत्रांशिवाय ते नीट दुरुस्त होत नाहीत, म्हणून हे काम अधिकृत केंद्रांतच व्हावं, असं कंपनीचं म्हणणं होतं. यादीबाहेरचे कारागीर, ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच कंपनीकडून शटर आणि गिअर विकत घेतले होते, ते एका पत्राने बाहेर पडले. मग 2019 च्या अखेरीस यादीतल्या दुकानांनाही पत्र गेलं : 31 मार्च 2020 नंतर करार पुढे चालणार नाहीत. त्यानंतर एवढ्या मोठ्या देशात कंपनीची स्वतःची दोन केंद्रं उरली. एक न्यूयॉर्क राज्यात मेलव्हिलला, दुसरं लॉस एंजेलिसला.

या प्रकरणावर आमच्या घरात दोन ठाम मतं आहेत. मामा मुंबईत फोर्टात आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त करत आला आहे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, पुण्यात मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत सुट्या भागांचं नियोजन पाहते. कोणत्या मॉडेलचे किती भाग ठेवायचे आणि किती वर्षं ठेवायचे, हे तिच्या सहीने ठरतं. दोघांचं हे बोलणं एका बैठकीतलं नाही. निरनिराळ्या वेळी झालेलं मी इथे सलग लावलं आहे. मी मामाच्या बाजूचा आहे, पण ताईचे मुद्दे ऐकल्यावर माझी बाजू होती तशी राहिली नाही, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

मामा : मला त्या 2012 च्या पत्रातलं एकच खटकतं. पार्ट बनत होते. कंपनीकडे होते. आदल्या दिवशी पैसे मोजून मिळत होते, दुसऱ्या दिवशी मिळेनात. मधल्या रात्रीत त्या कारागिराचा हात बिघडला होता का?

ताई : मामा, तू हे दुकानाच्या काउंटरवरून बघतोस. जरा गोदामातून बघ. एखादं मॉडेल बंद होतं तेव्हा माझ्यापुढे काय येतं माहीत आहे? त्यातली एखादी आयसी बनवणारी कंपनी कळवते की ही आयसी आम्ही थांबवतोय, शेवटची ऑर्डर अमुक महिन्यापर्यंत द्या. आता मी अंदाज बांधायचा की पुढच्या सात-आठ वर्षांत किती बोर्ड जळतील. जास्त मागवले तर तो पैसा गोदामात पडून मरतो आणि दरवर्षी हिशेब तपासनीस विचारतात की हे काय. कमी मागवले तर गिऱ्हाईक शिव्या देतं. तो शिल्लक साठा मी कोणाच्याही हाती मोकळा सोडला आणि एखाद्या व्यापाऱ्याने पाचशे नग उचलून नेले, तर ज्याला माझ्याच कंपनीने हमी दिली आहे त्याला मी काय देऊ?

मामा : मग प्रत्येकाला दोन-दोन दे. उधळ म्हणून कोण सांगतंय?

ताई : तेही करता येईल. पण धंद्याची अवस्थाही बघ. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे आहेत. 2010 साली जगभर सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले. 2020 साली 90 लाखही नाहीत. मोबाइलने सगळा खालचा बाजार खाल्ला. दहा वर्षांत धंदा तेराव्या-चौदाव्या हिश्शावर आला की कंपनी पहिल्यांदा काय कापते? जिथून फायदा दिसत नाही ते. दुरुस्तीचं जाळं, छोट्या ऑर्डरी, फोनवर उत्तरं देणारी माणसं.

मामा : हे मला पटतं. कॅमेऱ्याचा धंदा बसला तो मी डोळ्यांनी पाहिलाय. आमच्या बोराबाजाराच्या गल्लीत किती दुकानांनी पाट्या बदलल्या. पण मग कंपनीने तसं म्हणावं ना. परवडत नाही म्हणावं. तुमच्या हातून कॅमेरे बिघडतात असं का म्हणावं?

(मामाचा हा राग मला महत्त्वाचा वाटतो. नकारापेक्षाही नकाराचं कारण त्याला लागलं. ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षं एका कंपनीचे कॅमेरे जिवंत ठेवले, त्या कंपनीची इज्जत गिऱ्हाइकापुढे राखली, त्याला एक दिवस कळतं की कंपनीच्या लेखी तो धोका आहे.)

ताई : बिघडतात हेही खोटं नाही. तुझ्यासारखे किती असतात? निकॉनचा एफ माउंट घे. लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत, किंवा सेन्सरपर्यंत, अंतर 46.5 मिलिमीटर. त्यात केसाएवढा फरक पडला तर फोकस चुकतो. फिल्मच्या काळात थोडंफार खपून जायचं. आता लोक फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून पापणीचा केस बघतात. सेन्सर उघडून परत बसवला की तो समांतर आहे का हे यंत्रावर तपासावं लागतं, ऑटोफोकसची दुरुस्ती सॉफ्टवेअरमधून करावी लागते. हे न करता कोणी स्क्रू आवळून दिला, तर गिऱ्हाईक कारागिराला नाही, कंपनीला नावं ठेवतं.

मामा : बरोबर. मग ते सॉफ्टवेअर मला विक. यंत्र विक. मी काय फुकट मागतोय?

ताई : आणि फ्लॅश? फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज असतो. कॅमेरा बंद केला, सेल काढले, तरी राहतो. नवशिक्याने उघडला तर...

मामा : मला सांगतेस? माझ्या बोटाला विचार. पण त्यासाठी कपॅसिटर आधी रिकामा करतात, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. वायरमनला करंट लागतो म्हणून बाजारात वायर विकायची थांबवली का कोणी?

ताई : एक उदाहरण कंपनीच्या बाजूनेही घे. निकॉनचा डी 600, 2012 चाच. त्याच्या सेन्सरवर ठिपके यायचे, लोकांनी बोंब मारली. शेवटी 2014 मध्ये कंपनीने जाहीर केलं की वॉरंटी संपलेली असली तरी कॅमेरा पाठवा, तपासू, साफ करू, शटरसकट भाग बदलू, फुकट. इतक्या मोठ्या संख्येने, एकाच पद्धतीने हे काम कंपनीच करू शकते. गल्लीतल्या दुकानांवर सोडलं असतं तर प्रत्येकाने आपापली युक्ती लढवली असती.

मामा : चांगलं केलं त्यांनी. मी नाही कशाला म्हणू? पण त्यात दोष कारखान्यातून आला होता, दुरुस्तीच्या दुकानातून नाही. कारखान्याच्या हातून चूक होते तशी माझ्याही हातून होऊ शकते. कारखान्याला सुधारायची संधी मिळाली, मला पार्टच मिळत नाही.

यावर ताई थोडी थांबली. मला वाटतं, इथे दोघंही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक होते आणि एकमेकांच्या शेजारून जात होते. ताई बोलत होती नव्या डिजिटल कॅमेऱ्याबद्दल. मामाच्या टेबलावर जे येतं ते बहुतेक त्याआधीचं असतं. म्हणून मी मामाला विचारलं की जुन्या कॅमेऱ्याला नेमकं लागतं तरी काय.

मामा : बघ, निकॉनचा एफएम 2 घे. 1982 चा. सेकंदाचा चार हजारावा भाग, आणि सगळं शटर यंत्रावर चालतं. सेल फक्त मीटरला. सेल मेला तरी कॅमेरा चालतो. असा कॅमेरा माझ्याकडे येतो तेव्हा त्याला काय झालेलं असतं? मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम वितळून काळा चिकट झालेला, त्यातून उजेड शिरतो. तो मी नवा कापून लावतो. ग्रीस सुकलेलं, म्हणून सावकाश स्पीड अडकतात. ते धुऊन नवं घालतो. लेन्समध्ये फंगस. आपल्या पावसाळ्यात तर कपाटात ठेवलेली लेन्स दोन वर्षांत जाळी धरते. एवढ्याला कंपनीचं काहीच लागत नाही. लागतं ते एखाद्या वेळी. फिल्म पुढे ओढायच्या लिव्हरखालचा एक दात तुटलेला गिअर. मीटरची नाजूक पट्टी. पडल्याने वाकलेलं बॅटरीचं झाकण. पार्ट बोटाच्या पेराएवढा, किंमत किरकोळ, पण तो नसेल तर बाकी उत्तम कॅमेरा शोकेसमध्ये ठेवायचा.

ताई : आणि तो तू कुठून आणतोस?

मामा : मेलेल्या बॉडीतून. एक बॉडी खोलायची, तिच्यातून चार कॅमेरे उभे करायचे. पण त्यालाही मर्यादा आहे ना. ज्या मॉडेलचा जो पार्ट नेहमी जातो, तो मेलेल्या बॉडीतही आधीच गेलेला असतो. म्हणून तर ती मेली. झूम लेन्समधली अपर्चरची फ्लेक्स घे. झूम केलं की प्रत्येक वेळी ती पट्टी दुमडते, एक दिवस तडकते. दहा लेन्स खोलल्या तर दहांतही तीच तुटलेली. तिथे कंपनीची नवी फ्लेक्सच हवी.

ताई : म्हणजे जुने कॅमेरे सोपे आणि मधल्या काळातले अवघड.

मामा : अगदी. साठ-सत्तरच्या दशकातला कॅमेरा मी गिअर घासून, प्रसंगी लेथवर करून घेऊन उभा करतो. आजचा कंपनी सांभाळते. मधले, ऐंशी-नव्वदच्या दशकातले इलेक्ट्रॉनिक आणि पहिले डिजिटल, ते अनाथ. त्यांचा बोर्ड गेला की मी हात जोडतो.

ताई : तेच मी सांगतेय! त्यांचा बोर्ड कंपनीकडेही नाही. त्यातली आयसी आज कोणी बनवत नाही. लेन्सच्या काचेचंही तसंच. आधी काचेत शिसं आणि आर्सेनिक असायचं, पर्यावरणासाठी कंपन्यांनी ते काढून टाकलं. त्या जुन्या काचेची लेन्स फुटली तर तशीच काच आता ओतली जात नाही. हा काही कंपनीचा दुष्टपणा नाही.

मामा : मी कुठे म्हणतोय दुष्टपणा? संपला तो संपला. मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, याला पार्ट नाही, घरी ठेवा. माझं भांडण जो आहे आणि देत नाहीत त्याच्याशी आहे.

मला वाटतं, सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे. जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीबद्दल बोलताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो. भाग संपणं हे काळाचं काम आहे. त्यावर हळहळता येतं, फार तर आधी तयारी करता येते. भाग असताना तो मालकाला आणि त्याच्या कारागिराला नाकारणं हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णयाचा जाब विचारता येतो. कंपन्या बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीचा बचाव पहिल्या गोष्टीच्या कारणांनी करतात. ताईनेही नकळत तेच केलं होतं. आयसी मिळत नाही हे 2012 च्या पत्राचं कारण नव्हतं. तेच भाग अधिकृत दुकानांना मिळतच होते.

आणि भाग खरोखर संपल्यावर काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. लायकाचा 2009 चा एम 9. त्याच्या सेन्सरवरची पातळ काच गंजू लागली. कंपनीने बरीच वर्षं सेन्सर बदलून दिले, मग 2020 मध्ये सांगितलं की नवे सेन्सर शिल्लक नाहीत. तिथे कंपनीला दोष देता येत नाही. पण अमेरिकेतल्या काही स्वतंत्र कारागिरांनी सेन्सर तसाच ठेवून फक्त वरची काच उतरवली आणि दुसरी बसवली. कंपनीच्या पद्धतीत सबंध सेन्सर हा एक भाग होता. कारागिराला त्यात दोन भाग दिसले.

ताई : हे उदाहरण तू तुझ्या बाजूने वापरतोयस, पण हे केवढं नाजूक काम आहे ते बघ. शंभरातले पाच जण करू शकतील. उरलेल्या पंचाण्णवांच्या हातात दिलेल्या कॅमेऱ्याचं काय?

मी : त्या पाचांना ओळखायचं कोणी? मालकाने. कॅमेरा त्याचा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे 2021 मध्ये संसदेला अहवाल दिला. सुरक्षितता, दर्जा, गुपितं, अशी कंपन्यांची सगळी कारणं तपासून त्यांनी लिहिलं की या निर्बंधांना आधार देणारा पुरावा फार थोडा आहे. कारणं चुकीची आहेत असं नाही म्हणाले. पुरावा थोडा आहे म्हणाले.

ताई : सरकारी अहवाल मी रोज वाचते, त्यांना गोदाम चालवावं लागत नाही. तू कायद्याचं बोलणार असशील तर कोडॅकचंही सांग.

तिने बरोबर नाव घेतलं. हा वाद निकॉनपासून सुरू झालेला नाही. 1980 च्या दशकाच्या मध्याला कोडॅकने आपल्या फोटोकॉपी यंत्रांचे आणि मायक्रोफिल्म यंत्रांचे सुटे भाग स्वतंत्र दुरुस्ती कंपन्यांना देणं आवळत आणलं. त्या कंपन्या कोडॅकपेक्षा स्वस्तात काम करत, आणि काही गिऱ्हाइकांच्या मते चांगलंही. त्या कोर्टात गेल्या. 1992 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कोडॅकचा दावा फेटाळला, म्हणजे खटला चालू द्यायला सांगितला. यंत्रांच्या बाजारात स्पर्धा आहे एवढ्यावरून सुट्या भागांच्या बाजारात कोडॅकची सत्ता नाही असं ठरत नाही, हा बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिला. खालच्या कोर्टात पुढे कोडॅक हरली.

ताई : पण त्याच निकालातलं न्यायमूर्ती स्कालिया यांचं विरोधी मत तुला आवडत नाही म्हणून सोडू नकोस. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक उत्पादकाचा आपल्या खास भागांवर ताबा असतोच. यंत्र घेताना गिऱ्हाईक पुढच्या दुरुस्तीचा खर्चही मोजतं. कंपनीने दुरुस्ती महाग केली तर लोक पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेतील, आणि बाजार तिला शिक्षा करेल. यात कोर्टाने का पडावं? हा विचार मूर्खपणाचा नाही. आमच्या कंपनीत निविदा भरताना गिऱ्हाईक दहा वर्षांचे सुटे भाग आणि त्यांचे दर आधी लिहून घेतं.

मामा : तुझं गिऱ्हाईक कारखाना आहे, त्याच्याकडे वकील आहे. 1982 मध्ये ज्या बापाने पगार साठवून मुलाला एफएम 2 घेऊन दिला, त्याने तीस वर्षांनी येणारं पत्र कसं मोजायचं? आणि शिक्षा कशी करायची? त्याच्याकडे कॅमेरा एक असला तरी लेन्स पाच आहेत, पाचही त्याच माउंटच्या. कॅमेरा बदलायचा तर पाची लेन्स विकायच्या. निकॉनने 1959 पासून कित्येक दशकं तोच माउंट ठेवला, ही त्यांची मोठेपणाची गोष्ट आहे, मी स्वतः गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचो. त्या भरवशावरच तर लोकांनी जुन्या लेन्स सांभाळल्या.

मला नाही वाटत ताईकडे याचं उत्तर होतं. कोडॅकच्या निकालातलं बहुमतही साधारण याच वाटेने गेलं होतं : घेणाऱ्याला पुढचा खर्च आधी कळणं अवघड असतं, आणि एकदा घेतल्यावर सोडणं महाग असतं. वस्तू विकून झाल्यावर नियम बदलणं हा स्पर्धेचा भाग मानता येत नाही.

ताई : ठीक आहे, 2012 चा निर्णय मला अर्धा पटतो, तुला अजिबात पटत नाही. पण 2020 चं काय म्हणशील? ते तर मलाही पटत नाही.

मामा : ते मला जास्त लागलं. ज्यांनी कंपनीचं ऐकलं, सांगितलेल्या अटी पाळल्या, बोर्ड लावला, त्यांनाही शेवटी तेच पत्र. म्हणजे अधिकृत झाल्याने काय मिळालं, आठ वर्षं?

ताई : तिथे दर्जाचं कारण देताच येत नाही. ती दुकानं कंपनीनेच पारखून घेतलेली होती. तो निव्वळ खर्चाचा निर्णय असणार. आणि माझ्यासारख्या नियोजन करणाऱ्याने लिहिलेल्या एका तक्त्यावरूनच तो झाला असणार, हे मला माहीत आहे.

ताईने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता. मी लगेच कायद्यांकडे वळलो, कारण गेल्या काही वर्षांत पुष्कळ हललं आहे. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये. कॅलिफोर्नियात शंभर डॉलर आणि त्यापुढच्या किमतीच्या वस्तूंचे भाग, हत्यारं आणि माहितीपुस्तकं शेवटचा नग बनल्यापासून सात वर्षं पुरवावी लागतात. ओरेगनने 2024 मध्ये, भाग अस्सल असला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने ‘ओळखल्या’शिवाय तो चालू द्यायचा नाही, या प्रकारावर बंदी आणली. युरोपीय संघाचा दुरुस्तीचा निर्देशही 2024 चा आहे. त्याच्या यादीत धुलाई यंत्रं, फ्रिज, मोबाइल आहेत. कॅमेरे नाहीत.

मामा : यातला कुठला कायदा माझ्या टेबलावरच्या कॅमेऱ्याला लागतो?

मी : एकही नाही. न्यूयॉर्कचा 1 जुलै 2023 नंतरच्या वस्तूंना, कॅलिफोर्नियाचा आणि मिनेसोटाचा 1 जुलै 2021 नंतरच्या.

मामा : म्हणजे जे म्हातारे झालेत त्यांना सोडून बाकी सगळ्यांना औषध.

ताई : मामा, मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदा उद्योगाला चालत नाही. ज्या वस्तूचा साचाच मोडला, तिचे भाग ठेव असं आज सांगून काय उपयोग? आणि आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे जे झालं ते मोटारींच्या बाबतीत झालं. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपये दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. स्वतंत्र गॅरेजना भाग मिळाले पाहिजेत असा आदेश दिला. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली, पण आयोगाने तत्त्व स्पष्ट मांडलं होतं. मग 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. समितीने चार क्षेत्रं धरली : शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरातली टिकाऊ उपकरणं आणि वाहनं. कॅमेरा त्यात नावाने नाही. पोर्टलवर कंपन्या आपली माहिती देतात. भाग विकण्याची सक्ती करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही.

इथून पुढे बोलणं थोडं वेगळ्या रस्त्याला लागलं, आणि तो रस्ता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मामाने विचारलं की पार्ट राहू दे, पण निदान कागद तरी का देत नाहीत? सर्व्हिस मॅन्युअल, कोणता स्क्रू किती आवळायचा, स्प्रिंगचा ताण किती.

मामा : जपानी कॅमेऱ्यातले स्क्रू साध्या चौफुली ड्रायव्हरने खोलले तर डोकी खराब होतात, त्यांचं माप वेगळं असतं. एवढीशी गोष्ट, पण ती न कळल्यामुळे किती कॅमेरे बिघडलेले माझ्याकडे आलेत. कागद उघडा केला असता तर तुझ्या त्या पंचाण्णवांतले निम्मे सुधारले असते.

ताई : कागदात कंपनीची गुपितं असतात.

मामा : चाळीस वर्षांपूर्वीच्या गिअरचं कसलं गुपित? उलट कंपनीचाच तोटा. पेंटॅक्सने 2022 मध्ये जाहीर केलं की आम्ही पुन्हा फिल्मचा कॅमेरा करतोय, 2024 ला पेंटॅक्स 17 आणलाही. तो करताना त्यांनी निवृत्त इंजिनिअरांना गाठलं, फिल्म ओढायच्या लिव्हरचं काम तरुणांना त्यांच्याकडून शिकवलं. कंपनीच्या आतसुद्धा ती विद्या विसरायला झाली होती. ती विद्या कुठे टिकली होती सांगू? माझ्यासारख्यांच्या टेबलावर. इथे आणि जगभर, असल्या गल्ल्यांत.

मामा रागाने बोलत नव्हता. हे त्याचं साधं निरीक्षण होतं आणि मला ते शंभर टक्के खरं वाटतं. एखादं यंत्र कसं जगतं याचं ज्ञान बनवणाऱ्याकडे फार थोडं असतं. त्याच्याकडे ते नवं असतानाचं ज्ञान असतं. तीस वर्षांनी ते कुठे झिजतं, मुंबईच्या दमट हवेत त्याचं काय होतं, कोणतं ग्रीस थिजतं, हे दुरुस्त करणाऱ्यालाच कळतं. कंपनी सुट्या भागांचं दार बंद करते तेव्हा हा कारागीर दुसऱ्या धंद्याला लागतो, आणि त्याच्या मुलाने ते काम शिकायचा प्रश्नच येत नाही.

मग मामाने तो प्रश्न विचारला जो मला कधी सुचला नव्हता.

मामा : तुझी ती सात-आठ वर्षं संपली, दुरुस्ती बंद झाल्याचं जाहीर झालं, आणि गोदामात तरीही पार्ट शिल्लक राहिले, तर त्यांचं तू काय करतेस?

ताईने लगेच उत्तर दिलं नाही.

ताई : भंगारात काढतो.

मामा : विकतेस?

ताई : नाही. मोडून. तसेच्या तसे बाहेर गेले तर कोणीतरी नवे म्हणून विकेल, हिशेबात ते शून्य झालेले असतात, जागा अडते. म्हणून तोडून देतो. प्रमाणपत्र घेतो तोडल्याचं.

मामा : चांगला पार्ट? पाकिटातला?

ताई : हो.

मामाचा चेहरा मी त्याआधी असा पाहिलेला नव्हता. तो काही वेळ बोललाच नाही. मीही सुन्न झालो होतो, कारण इतका वेळ आपण ‘आहे’ आणि ‘संपलं’ अशा दोनच अवस्था धरून बोलत होतो. ही तिसरी होती : असताना संपवणं. ताई एका वेगळ्याच उद्योगातली, कॅमेरा कंपन्या काय करतात हे ती सांगत नव्हती. पण तिने ज्या सहजपणे सांगितलं त्यावरून ही पद्धत कोणाला खटकत नाही, हे कळलं.

मामा : पोरी, तो मला विक. लिहून घे माझ्याकडून, कंपनीची कसलीही हमी नाही म्हणून. हमी मी देतो माझ्या गिऱ्हाइकाला, माझ्या बिलावर, माझ्या नावाने. तुला तोडायचा खर्चही नाही.

ताई : हे... हे करता येण्यासारखं आहे. शेवटच्या तारखेनंतरचा साठा, जसा आहे तसा, मोजून मर्यादित संख्येत. हिशेबाची अडचण सोडवता येईल. मॅन्युअलही त्याच दिवशी खुलं करता येईल, मॉडेल बंद झाल्यावर त्यात लपवायचं काही उरत नाही हे मला मान्य आहे. मी आमच्या पुढच्या बैठकीत हा मुद्दा मांडेन.

मामा : आणि सॉफ्टवेअर? तपासणीचं?

ताई : ते नाही.

मामा : का?

ताई : कारण जुन्या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर आणि चालू मॉडेलचं सॉफ्टवेअर पुष्कळदा एकच असतं, मामा. जुन्यासाठी दार उघडलं की नव्याचंही उघडतं. त्यावर मी सही करणार नाही.

मामा : मग मधल्या काळातले ते अनाथ कॅमेरे तसेच राहिले.

ताई : राहिले. त्यांच्यासाठी माझ्याकडे आज उत्तर नाही. तू दुसरा रस्ता सुचव, मी ऐकते.